दिवस घातलेला माणूस

मालवणात तीस सालापासून पुढे जेवढी भुतं दिसली, त्यातली निम्मी तरी मी होतो. बंदरावरच्या मिठाच्या कोठारात रडणारी बाई मी. देवबागच्या वाळूवर उलट्या पावलांनी चालणारा खलाशी पण मीच. त्यासाठी चपला मागचा भाग पुढे करून बांधल्या होत्या, घोटे चार दिवस सुजले. पण सकाळी ती पावलं बघून अर्धं देवबाग देवळात जमलं, त्या आनंदापुढे घोट्यांचं काय!

बाजारात माझा गोळी सोड्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक यंत्र, शंभरेक बाटल्या आणि मी. आठवड्याला एक बाटली मी समुद्राच्या पाण्याची भरायचो आणि बाकीच्यांत मिसळून टाकायचो. कोणाच्या वाट्याला येईल ते मलाही ठाऊक नसायचं. मामलेदार कचेरीतला एक कारकून दोनदा सापडला. तिसऱ्यांदा त्याने बाटली माझ्याच डोक्यावर ओतली. सांगायचं एवढंच, की भुताखेतांना भिणारा माणूस मी नव्हे. भूत कसं तयार होतं, त्याला खर्च किती येतो, सगळं मला पाठ.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत माझी मुलगी शेवंती मिठबावहून माहेरी आली. एकुलती एक. तिची आई लवकर गेली, म्हणून माझ्या हौसाआतेने तिला वाढवलेली. सासरी तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही बारसं व्हायच्या आत गेली. दोघांचंही एकच झालं. तोंडात पांढरे फोड आले, दूध ओढेनात, आणि गेली. आता तिसऱ्या खेपेचा सहावा महिना होता. एस्टीतून उतरली तेव्हा मी तिला ओळखलीच नाही. पोट तेवढं पुढे, बाकी हाडं.

"सासरी जेवूक घालणत नाय काय गो तुका?" मी म्हटलं.

"घालतत," ती म्हणाली. "माकाच जायना."

सासूने गावच्या देवाला कौल लावला होता. गुरवाने देवाच्या अंगावर कळ्या लावल्या, एकेक प्रश्न विचारला. उजवी कळी पडली ती या प्रश्नावर: माहेरच्या घरातला एक पुरुष बाहेर राहिलाय, त्याचा दिवस कोणी करत नाही, तो मुलांच्या आड येतो. सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर वाढतो ते चालेल का, असंही विचारलं. डावी पडली. नाही. त्याचा स्वतःचा दिवस शोधा, त्याच्या नावाने वाढा.

मी हसलो. एवढा हसलो की खोकला आला. शेवंती हसली नाही.

"बाबानू, मी ताटार बसलंय काय समोर कोणतरी बसता," ती म्हणाली. "आधी त्येका मिळूक होया. मगे माका घास उतरतलो."

डॉक्टरांना आणलं. त्यांनी नाडी बघितली, पापणी ओढून बघितली आणि मला बाहेर नेऊन शुद्ध मराठीत सांगितलं, "मुलीला आजार काही नाही. पण अशीच राहिली तर महिन्याभरात आई आणि मूल दोन्ही हातचे जातील. तिला जेवायला घाला, काय वाटेल ते करून."

काय वाटेल ते करण्यात माझा हात कोण धरणार? मी आधी हौसाआतेला धरलं. आते माझ्या बापाची थोरली बहीण, बहात्तर वर्षांची, कानाने तिखट. घरातला बाहेर राहिलेला पुरुष कोण, असं विचारलं तर ती तांदूळ निवडत राहिली.

"तुझो आजो," शेवटी म्हणाली. "गंगाराम. गलबतार गेलो तो इलो नाय. बारा वर्सां वाट बगली. मगे पळसाच्या पानांचो पुतळो केलो, जाळलो, दिवस घातले. संपला."

"मगे तोच दिवस सांगूया गुरवाक."

"तो शेवंतीन थंय सांगलेलो. कळी पडाक नाय."

"म्हणजे मेलो कधी तां शोधूक होया."

आतेच्या हातातलं सूप थांबलं. "नको शोधू रे, बाबल्या," ती म्हणाली. एवढंच. मी म्हटलं, म्हातारी झाली, भिते.

गलबत बुडालं असेल तर वर्तमानपत्रात आलं असणार, हे डोकं माझं. मालवणात पूर्वी 'किनारा-समाचार' नावाचं साप्ताहिक निघायचं, चार पानी. छापखाना केव्हाच बंद पडला, पण तिथला जुळारी सत्यवान, खिळे जुळवून जुळवून बोटं काळी झालेला म्हातारा, सगळे जुने अंक घरी घेऊन गेला होता. बंदराकडच्या गल्लीत त्याचं घर. माळ्यावर वर्षावर्षांचे गठ्ठे, जुन्या धोतरात बांधलेले, मध्ये कडुनिंबाचा पाला.

"कोणाचा शोधतस?" त्याने विचारलं.

"आजयाचा. गंगाराम तांडेल. गलबत बुडला खंय, तां बगूचा आसा."

सत्यवान माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे लोक बघतात ते सावध होऊन, आता हा काय करतोय म्हणून. हे बघणं वेगळं होतं. मग त्याने गलबत गेलं त्या चौऱ्याण्णव सालाकडे हात नेलाच नाही. सरळ एकोणीसशे आठचा गठ्ठा काढला, सोडला, एक अंक माझ्या पुढ्यात टाकला आणि खिडकीशी जाऊन बसला.

भर दुपार होती. माळ्यावर कौलांची धग उतरत होती. मी वाचलं.

"मृताचे पुनरागमन. येथील गंगाराम तांडेल हे चौदा वर्षांपूर्वी गलबतावरून आफ्रिकेच्या किनाऱ्यास गेले असता बेपत्ता झाले होते. बारा वर्षे लोटल्यावर कुटुंबीयांनी पालाशविधी करून त्यांची उत्तरक्रिया उरकली. गेल्या मंगळवारी सदर गृहस्थ अकस्मात घरी परतले. ज्याचे दिवस घातले त्यास घरात घ्यावे कसे, असा पेच पडून वडील भावाने दार लावून घेतले. प्रायश्चित्ताने मार्ग निघतो असे शास्त्रीबोवांचे मत असता, घरातील मंडळींनी हाय खाल्ली. सदर गृहस्थ दोन दिवस अंगणाच्या पेळेबाहेर बसून होते. त्यांचे चित्त ठिकाणावर नसल्याचे समजते."

मी परत वाचलं. पेळ म्हणजे आमच्या अंगणाभोवतीची बुटकी दगडी भिंत. त्याच पेळेवर बसून मी रोज सकाळी दात घासतो.

"ह्या खरा?" मी विचारलं.

"मीच जुळवलंय ती बातमी," सत्यवान म्हणाला. "वाच. अजून आसा."

"तुका सगळा म्हायत होता तर सांगूक काय झालेला?"

"तुका सांगून तू हसलो असतस."

त्याने एकामागून एक अंक काढून दिले. त्याला पान शोधावं लागत नव्हतं. अकरा सालचा अंक म्हणत होता, पेठेत पिशाच्च फिरत असल्याची आवई उठली आहे, अमावास्येस पितरांकरिता पानावर वाढून ठेवलेली वाडी कोणी अदृश्य हाताने नाहीशी होते. पंधरा सालचा म्हणत होता, ते पिशाच्च नसून दिवस घातलेला तो इसमच आहे. पण तो मेलेलाच असल्याने ह्यात फरक काय, असे लोकांचे म्हणणे पडले. त्यास अन्न हातात कोणी देत नाही, पितरांच्या पानावर ठेवले तरच त्यास मिळते. नाव कुठेच नाही. पहिल्या बातमीनंतर गंगाराम तांडेल हे नाव छापलंच गेलं नाही. 'तो मृत इसम' एवढंच.

एकोणीस सालच्या अंकात होतं, की तापाच्या साथीचे खापर त्या मृत इसमावर फुटून लोकांनी दगड मारून त्यास मालवणातून हाकलले. तो देवबागेस वाळूवर, फुटक्या होडीच्या आडोशास राहतो. अमावास्येस मात्र चालत मालवणास येतो.

साल जसजसं पुढे येत होतं, तसतसं काहीतरी माझ्याकडे चालत येतंय असं वाटायला लागलं. माझा जन्म अकरा सालचा. देवबागचं भूत, फुटकी होडी... हे मी ऐकलेलं नव्हतं, बघितलेलं होतं. लहानपणी आम्हाला सांगायचे, तिकडे जाऊ नको, मेलेला माणूस आहे. आम्ही पोरं लांबून दगड मारून पळायचो.

"पुरे," मी म्हटलं. "मेलो कधी तां दाखव. दिवस गावलो काय झाला."

"हो शेवटचो," म्हणत सत्यवानाने बावीस सालचा ऑक्टोबरचा अंक पुढे केला.

"द्वाड पोरांचा खेळ. सर्वपित्री अमावास्येस भर दुपारी येथील एका माडांच्या बागेच्या टोकास पितरांकरिता ठेवलेल्या वाडीत, दहीभातामध्ये, कोणा व्रात्य पोराने शिंपल्यांच्या भट्टीतील कळीचा चुना कालवून ठेवला. तो मृत म्हणून ओळखला जाणारा इसम ते अन्न खाऊन गेला. त्याचे तोंड, जीभ व घसा भाजून पांढरे फोड आले असून त्याचे बोलणे बंद झाले आहे. दयाळू लोकांनी पेज देऊ केली, परंतु तेव्हापासून तो कोणीही ठेवलेल्या अन्नास शिवत नाही. तो किनाऱ्याने उत्तरेकडे चालत गेल्याचे कळते. पोराचा शोध लागला नाही."

पोराचा शोध लागला नाही, कारण पोराने कोणाला आपलं नाव सांगितलं नाही. फक्त टोळीला सांगितलं.

अकरा वर्षांचा होतो. आमच्याच बागेच्या टोकाला आजीने ठेवलेलं पान होतं. चुना आणला भट्टीवरून, करवंटीतून. माडाच्या बुंध्याआड लपलो. तो आला, वाकून आला, आधी पानाला हात जोडले, मग मोठा घास घेतला. भुकेलेला माणूस चव बघत बसत नाही. दुसरा घास घेतला आणि मग त्याचा हात तोंडाशी गेला. ओरडला नाही. खाली बसला, उठला, समुद्राकडे धावला आणि खारं पाणी ओंजळीने प्यायला लागला. मी एवढा हसलो की माड धरून ठेवावा लागला. भुताला पळवलं म्हणून पोरांनी मला खांद्यावर घेऊन बागेत मिरवलं. टोळीत माझं नाव झालं ते त्या दिवशी.

"कोण होतो तो पोर, माका कधी कळाक नाय," सत्यवान खिडकीतून म्हणाला. बाहेर बघतच.

"माका काय म्हायत?" मी म्हटलं. "ह्येच्या फुडचो अंक?"

"फुडे काय नाय. तो परत कोणाक दिसाक नाय."

"मगे मेलो कधी?"

"तां छापूक नाय, बाबल्या. मेलेल्या माणसाचा मरण कोण छापतलो?"

मी जिना उतरलो. पांढरे फोड. शेवंतीच्या दोन्ही पोरांच्या तोंडात तेच होते. पहिल्याच्या वेळी मी मिठबावला गेलो होतो, बोटाने त्याचा ओठ खाली करून बघितला होता. चुन्यासारखं पांढरं. दूध समोर आणि पोर तोंड फिरवतंय. मी बंदरावर थांबलो. भर उन्हात, माणसांच्या गर्दीत. कोळणी भांडत होत्या, पडाव लागत होता, आणि मला मागे वळून बघायची छाती होईना.

पण डोक्याला सवय असते. बाजार येईपर्यंत डोकं आपलं काम करायला लागलं होतं. शेवंतीला काय पाहिजे? एक दिवस. दिवस मी देतो. खोटं सांगायचं तर त्यात बारीकसारीक घालावं लागतं, नाहीतर टिकत नाही. फाल्गुन वद्य पंचमी, साल चोवीस. विजयदुर्गच्या खाडीत होडी उलटली. सोबत आणखी दोघे होते, त्यातला एक वाचला, त्याने सांगितलं. झालं. फाल्गुन महिन्यावर आलाय, पान वाढू, पोरगी जेवेल. चुन्याचं कोणाला कळायची गरज नाही.

घरी शेवंती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, आते तिच्या पायांना तेल लावत होती. मी सांगितलं. खाडी सांगितली, वारा सांगितला, वाचलेल्याचं आडनाव सुद्धा सांगितलं. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं.

शेवंतीचा चेहरा सुटला. किती दिवसांनी तिचे दात दिसले.

"पंचमी," ती म्हणाली. "म्हणजे अजून पावणेदोन म्हयने. आते, माका इल्लीशी पेज दी गो."

मी स्वतः आत गेलो, पेज वाढली, वर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिने चमचा उचलला.

"खोटा," आते म्हणाली.

"काय खोटा?"

"सगळा. बोलताना तुझो डावो पाय हलता, ल्हानपणापासून." आते उठून उभी राहिली. मी तिला एवढी ताठ कधी बघितली नव्हती. "एकदा खोटो दिवस घालून मारलो तेका. आता तू दुसऱ्यांदा मारतस?"

शेवंतीने चमचा खाली ठेवला. आवाज न करता.

मग आतेने सांगितलं. पन्नास वर्षं तोंडात धरून ठेवलेलं, एका दमात. बाप परत आला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, विधवा होऊन माहेरी आलेली. काकाने दार लावलं. तिची आई, म्हणजे माझी आजी आनंदीबाई, आतून दाराला कपाळ लावून उभी होती. बांगड्या फुटलेल्या, कुंकू पुसलेलं, आणि नवरा अंगणाबाहेर. दार उघडलं नाही.

"पण दर अमावास्येक ती पान वाढी," आते म्हणाली. "लोकांका वाटा, मेलेल्या घोवाक वाडी ठेवता. ती जित्या घोवाक जेवूक घाली. काळ्या वाटाण्याचा सांबारा, वडे, दहीभात. दहीभात तेका आवडा. चवदा वर्सां घातल्यान. मगे त्या सर्वपित्रीक कोणीतरी..." आते थांबली. "दुसऱ्या अमावास्येक तिने पान ठेवल्यान. तो इलो नाय. परत ठेवल्यान. मरासर ठेवीत होती. तिका वाटा, तेका वाटला आसतला की बायलेनच चुनो घातल्यान."

मी खाली बसलो. हे मला माळ्यावर कळलं नव्हतं. मी म्हाताऱ्याची जीभ जाळली एवढंच कळलं होतं.

मी नेहमी काहीतरी बोलतो. प्रेतयात्रेत सुद्धा माझ्या तोंडून काहीतरी निघतं आणि खांदेकरी हसतात. त्या दिवशी ओटीवर मी तोंड उघडलं आणि एवढंच आलं, "आते, तो पोर मी."

आतेने मला मारलं नाही, रडली नाही. माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू मागे सरत भिंतीला टेकली, वाटेत काही विषारी पडलेलं दिसल्यासारखी. शेवंतीने दोन्ही हात पोटावर घेतले.

तीन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. शेवंतीच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. मी रात्रंदिवस तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. आतून तिचा श्वास ऐकू येईनासा झाला की माझाही थांबायचा. खोटा दिवस गेला होता, खरा दिवस जगात कुठेच लिहिलेला नव्हता. आता कळी कशाने पडणार?

चौथ्या दिवशी पौषातली अमावास्या होती. सकाळी शेवंती भिंत धरून उठली आणि चुलीशी गेली. मी हात द्यायला गेलो तर म्हणाली, "तुमी भायर रवा." वाटाणे तिने रात्रीच भिजत घातले होते, मला कळलं नव्हतं. आते शेजारी बसून नारळ खवत होती.

बाराच्या सुमारास ती बागेच्या टोकाला पान घेऊन निघाली. मागे मी, माझ्या मागे आते. कावळा नाही, वारा नाही, झावळी हलत नव्हती. भर दुपारच्या अमावास्येला माणूस बागेत जात नाही, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. तिने पान त्याच बुंध्यापुढे ठेवलं. जागा तिला मी दाखवली नव्हती. आतेने दाखवली असेल.

"दिवस गावलो नाय म्हणान काय झाला?" शेवंती म्हणाली. "तो रागान आड येणा नाय, बाबानू. तो भुकेलो आसा. आणि भियेलो आसा. कितीव वाढला तरी तो खायचो नाय."

"मगे गो?"

"आधी कोणीतरी खावन दाखवूक होया. चुनो नाय म्हणान." तिने दहीभाताकडे बोट दाखवलं. "तुमी."

वाडीला जिवंत माणूस तोंड लावत नाही. लावलं तर तो तिकडचा झाला, त्याला परत घरात घेत नाहीत, असं आम्ही ऐकत आलोय. मी आतेकडे बघितलं. तिने पदर तोंडात धरला होता. ती नको म्हणाली नाही.

मी बसलो. पानाला हात जोडले. मला काहीतरी गाऱ्हाणं घालायचं होतं, पण आजोबाला काय म्हणून हाक मारायची तेच सुचेना, जन्मात कधी मारली नव्हती. मी मोठा घास घेतला. दही आंबट होतं, भात गरम होता, आत चुना नव्हता. सकाळपासून मी कुडाच्या फटीतून तिचे हात बघत होतो, मला माहीत होतं चुना नाही. तरी जीभ पेटली. घसा पेटला. डोळ्यांतून पाणी आलं आणि समुद्राकडे धावत सुटावं असं झालं. मी बसून राहिलो. दुसरा घास घेतला. तोही गिळला.

"बरो आसा," मी म्हटलं. कोणाला म्हटलं, मला सांगता येणार नाही.

शेवंती माझ्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ. मग ती पोट सावरत माझ्या शेजारी मातीत बसली, पानावरचं अर्धं आपल्याकडे घेतलं, आणि उरलेलं अर्धं समोरच्या रिकाम्या जागेकडे सरकवलं. वडा मोडला. सांबाऱ्यात बुडवला.

"शेवंती, वाडी आसा ती," आते पुटपुटली.

"म्हायत आसा," ती म्हणाली आणि खायला लागली.

आमच्या पाठीमागे सुकलेल्या झावळ्यांवर काहीतरी वाजलं. एकदा, मग थोडं जवळ, परत एकदा. कुत्रं असेल. आतेचे डोळे तिकडे गेले आणि तिथेच राहिले. मी मान वळवली नाही. शेवंतीने दुसरा घास केला, तिसरा केला, आणि तिचा जबडा हलत होता तोवर मी फक्त त्या जबड्याकडे बघत राहिलो.